संकटाच्या रात्री कुठे जायचे?

गेल्या अंकात या सदरात मी असे लिहिले होते की, मानसिक आजाराचे संकट अचानक उभे राहिले म्हणजे रुग्णाला घरात कोंडून ठेवणे किंवा महिनोन्‌महिने रुग्णालयात ठेवणे एवढे दोनच मार्ग उरतात, हा आपला समज चुकीचा आहे. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रे, लेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून, येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझे धाकटे दीर ३४ वर्षांचे असून त्यांना बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य आळीपाळीने येणारा मनोविकार) आहे. त्यांनी कोणालाही न सांगता औषधे बंद केली. नंतर चार रात्री त्यांना झोप नव्हती, बोलणे थांबत नव्हते, आणि एका मध्यरात्री ते दुकानातले कापडाचे तागे रस्त्यावरच्या लोकांना वाटू लागले. सासऱ्यांनी अडवले तेव्हा त्यांनी त्यांना ढकलून दिले. आम्ही त्यांना एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेले, पण "ही आमची केस नाही, सकाळी मानसोपचारवाल्यांना दाखवा" असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. बाणगंगेच्या मनोरुग्णालयात न्यायला सासूबाई तयार नव्हत्या. एकदा तिथे गेलेला माणूस दोन-दोन महिने सुटत नाही, असे त्या म्हणतात. शेवटी खोलीला बाहेरून कडी लावून आम्ही सकाळची वाट पाहिली. अमेरिकेतला माझा मावसभाऊ सांगतो की, तिकडे अशा रुग्णांना एखादा दिवस ठेवून घेणारे वेगळे कक्ष असतात. हे खरे आहे का? आणि इंदूरमध्ये त्या रात्री आम्ही काय करायला हवे होते?
— एक गृहिणी, लोकमान्यनगर

उत्तर : ताई, आपला मावसभाऊ सांगतो ते खरे आहे. कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात असे एक केंद्र आहे. आसपासच्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत आलेले मानसिक संकटातील रुग्ण, प्राथमिक शारीरिक तपासणी होताच, थेट तिथे पाठवले जातात. त्या व्यवस्थेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार, एरवी अशा रुग्णांना कॅज्युअल्टीत सरासरी दहा तासांच्या आसपास ताटकळावे लागत असे, तो काळ तिथे पावणेदोन तासांच्या जवळपास आला. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, केंद्रात आलेल्या रुग्णांपैकी सुमारे २५ टक्क्यांनाच पुढे रुग्णालयात दाखल करावे लागले. उरलेले दिवसभराच्या उपचारानंतर घरी किंवा बाह्योपचाराकडे गेले. या अनुभवावरून अमेरिकेत जे कक्ष उभे राहिले त्यांना एम्पॅथ युनिट म्हणतात. तिथे गज लावलेल्या खोल्या आणि रांगेने मांडलेल्या खाटा नसतात. एका मोठ्या उजेडाच्या दालनात मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या असतात, परिचारिका काचेआड न बसता रुग्णांमध्ये वावरतात, आणि पाणी, खाणे किंवा पांघरूण हवे असेल तर रुग्ण स्वतः उठून घेऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाला लवकरात लवकर पाहतो आणि औषध लगेच सुरू होते. बहुतेकांचा मुक्काम २४ तासांच्या आत संपतो. न्यूयॉर्कमध्ये अशाच योजनेत रुग्णाला निरीक्षणाखाली ७२ तासांपर्यंत ठेवता येते. इटलीतील त्रिएस्ते शहराने निराळी वाट धरली : तिथल्या वस्तीवस्तीतील मानसिक आरोग्य केंद्रांत थोड्या खाटा आहेत, केंद्र रात्रंदिवस उघडे असते, आणि संकटातला माणूस आपल्या ओळखीच्याच कर्मचाऱ्यांकडे काही रात्री राहून घरी परततो.

इथे एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. आपल्या दिरांना जी उन्मादाची अवस्था आली होती ती एका दिवसात ओसरत नाही. ती उतरायला कित्येकदा काही आठवडे लागतात. एका दिवसात उतरते ती त्या रात्रीची धग. योग्य औषध मिळून रुग्ण दहा-बारा तास झोपला, त्याच्या पोटात काही गेले, कोणी त्याच्याशी शांतपणे बोलले, की दुसऱ्या दिवशी तोच माणूस औषध घ्यायला राजी होतो का, घरचे त्याला सांभाळू शकतात का, की दाखल करणेच भाग आहे, हे ठरवता येते. मध्यरात्री, आरडाओरड्यात आणि घाबरलेल्या नातेवाइकांच्या गराड्यात घेतलेला निर्णय बहुधा दोहोंपैकी एका टोकाचा असतो : एक तर "घेऊन जा", नाही तर "ठेवून घ्या". अल्पकालीन कक्षाचे खरे काम हा निर्णय दुसऱ्या दिवसापर्यंत पुढे ढकलणे आणि तोपर्यंत रुग्णाला सुरक्षित ठेवणे हे आहे, असे माझे मत आहे.

आता आपल्या शहराविषयी. 'एम्पॅथ' अशा नावाची पाटी शोधत फिरू नका. ज्या सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथली कॅज्युअल्टी हेच आपल्याकडचे दार आहे. इंदूरमध्ये त्यासाठी एम. वाय. रुग्णालय आहे, आणि बाणगंगेचे शासकीय मानसिक रुग्णालयही वैद्यकीय महाविद्यालयाशीच जोडलेले आहे. ज्या रुग्णालयाने आपल्याला परत पाठवले, त्याच्या उत्तराला कायद्याचा आधार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ९४ प्रमाणे, रुग्णाच्या जिवाला धोका असेल, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करण्याचा संभव असेल, किंवा आजारामुळे मालमत्तेचे मोठे नुकसान करण्याच्या बेतात असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर त्याला तातडीचे उपचार देऊ शकतो. तो मनोविकारतज्ज्ञच असला पाहिजे असे नाही. रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. हे उपचार रुग्णालयातच काय, घरीही देता येतात, आणि जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णाला नेणे हाही त्यांचाच भाग मानला आहे. त्यांची मर्यादा ७२ तास, किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत, यांतील जे आधी घडेल ते. या तरतुदीखाली विजेचे झटके देण्याचा उपचार करता येत नाही. म्हणजे सामान्य डॉक्टरनेही रुग्णाला शांत करावे, सुरक्षित ठेवावे आणि तज्ज्ञापर्यंत पोचवावे, एवढी सोय कायद्याने करून ठेवली आहे. तिचा उपयोग फार थोडे डॉक्टर करतात, ही आमच्या व्यवसायाची उणीव आहे.

कॅज्युअल्टीत "वेडेपणा करतोय" किंवा "डोक्यावर परिणाम झालाय" असे सांगितले की कागदावर काहीच उतरत नाही. "बायपोलरचा रुग्ण आहे, औषध अमुक दिवसांपासून बंद आहे, चार रात्री झोप नाही, आज वडिलांना ढकलले" असे सांगावे, जुने प्रिस्क्रिप्शन समोर ठेवावे, आणि तरीही परत पाठवत असतील तर तपासून परत पाठवले असे केसपेपरवर लिहून मागावे. या एका मागणीने पुष्कळदा सूर बदलतो.

सासूबाईंच्या भीतीबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. आपल्या देशातील मनोरुग्णालयांचा जुना इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. ग्वाल्हेर, आग्रा आणि रांची येथील रुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवावे लागले होते. पण आजचा कायदा त्यांना समजावून सांगा. रुग्ण स्वतःच्या संमतीने दाखल झाला असेल तर तो घरी जाण्याची मागणी करू शकतो, आणि डॉक्टरांना शंका असल्यास तपासणीसाठी त्याला फार तर २४ तास थांबवता येते. त्याच्या संमतीविना, प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करायचे असेल तर दोन व्यावसायिकांनी, ज्यांत एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे, रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि असे दाखल ठेवण्याची मुदत ३० दिवसांहून अधिक नसते. ती वाढवायची तर पुन्हा तपासणी आणि या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी लागते.

राहिली खोलीची कडी. त्या रात्री आपल्याला दुसरे काही सुचले नसणार हे मी समजू शकतो, पण उन्मादातला माणूस बंद दारामागे अधिक पेटतो, आणि आत काय चालले आहे हे बाहेरच्यांना कळत नाही. त्याऐवजी घरातील एकानेच, ज्याचे तो ऐकतो अशानेच, बोलावे. दोन हात लांब उभे राहावे, दाराची वाट अडवू नये, छोटी वाक्ये बोलावीत, वाद घालू नये आणि पाणी द्यावे. इतरांनी मुलांना आणि वृद्धांना दुसरीकडे न्यावे. वाहनासाठी १०८, आणि मारहाण सुरू झाली असेल तर ११२. "लग्नाला जाऊ या" असे खोटे सांगून गाडीत बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती त्या दिवशी उपयोगी पडते आणि पुढची अनेक वर्षे नडते, कारण रुग्ण त्यानंतर गाडीत बसायलाच तयार होत नाही. "तुला झोप लागत नाहीये, तेवढ्यासाठी डॉक्टरांकडे जाऊ" हे खरेही आहे आणि त्याला पटतेही.

प्रश्न : आमची मुलगी १९ वर्षांची आहे. परीक्षेच्या निकालानंतर तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. दोन दिवस रुग्णालयात ठेवून "आता धोका नाही" म्हणून तिला घरी सोडले. पोलिसांनी येऊन जबाब घेतला. तिच्यावर गुन्हा दाखल होईल का? आणि ती हसत-बोलत असताना मनोविकारतज्ज्ञाकडे नेऊन जुने उकरून काढावे का?
— एक पिता, सुदामानगर

उत्तर : गुन्ह्याची चिंता सोडा. २०१७ च्या कायद्यातील कलम ११५ प्रमाणे, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिला शिक्षा करायची नसून उपचार व पुनर्वसन पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे दंड संहितेतले जुने कलम ३०९ त्या स्वरूपात राहिलेले नाही. पोलिसांचा जबाब हा रुग्णालयाच्या एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंदीचा नेहमीचा भाग असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे : न्यावे, आणि याच आठवड्यात न्यावे. "धोका नाही" याचा अर्थ शरीरावरचा धोका टळला एवढाच आहे. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जपण्याचे असतात, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. इंग्लंडमध्ये मानसोपचार कक्षातून सुटलेल्या रुग्णाशी ७२ तासांच्या आत संपर्क साधावा असा दंडक आहे, तो याच कारणाने. जुने उकरण्याची भीती निराधार आहे. याविषयी विचारल्याने तसा विचार बळावत नाही, उलट एकटेपण कमी होते.

आपल्या देशाशी संबंधित एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील पाच ठिकाणी, ज्यांत चेन्नईही होते, असा प्रयत्न करून आपत्कालीन विभागात आलेल्या १,८६७ व्यक्तींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांशी घरी जाण्यापूर्वी सुमारे तासभर नीट बोलणे झाले, आणि पुढील १८ महिन्यांत नऊ वेळा फोनवरून किंवा भेटीतून त्यांची विचारपूस केली गेली. पहिल्या गटात आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण २.२ टक्के होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही की नवे औषध लागले नाही. आपल्या मुलीला कोणी हा तासभर दिला नसेल, तर तो आता मागून घ्या.

तज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत घरातील औषधे व इतर धोकादायक वस्तू कुलपात ठेवा, तिला रात्री एकटी झोपू देऊ नका, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्या स्वतःच्या फोनमध्ये तिच्या देखत घाला. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर विनामूल्य आणि चोवीस तास सुरू आहे. निकालाचा विषय जेवणाच्या ताटावर काढू नका, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या आत्यांना व काकूंना तो काढू देऊ नका. हे दुसरे काम अधिक कठीण आहे आणि ते आपल्यालाच करावे लागेल.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, रक्तदाब व मधुमेह आहे. परवा संध्याकाळपासून त्यांना भिंतीवर माणसे दिसतात, त्या मला ओळखत नाहीत, रात्रभर पांघरुणाची टोके ओढत बसतात; सकाळी पुष्कळशा ठीक असतात. शेजारी म्हणतात बाहेरचे काही असेल. त्यांना मानसोपचाराच्या तातडीच्या कक्षात न्यावे का?
— एक सून, रामबाग

उत्तर : हे पत्र अंकासाठी थांबवण्याजोगे नव्हते, म्हणून संपादकांमार्फत त्याच दिवशी फोनवर उत्तर कळवले होते : मानसोपचाराकडे नव्हे, फिजिशियनकडे, आणि आजच. इतर वाचकांसाठी कारण सांगतो. वृद्ध माणसात एक-दोन दिवसांत उद्भवलेला, संध्याकाळी वाढणारा आणि सकाळी निवळणारा गोंधळ, त्यात डोळ्यांपुढे माणसे किंवा किडे दिसणे, हे बहुधा शरीरातील बिघाडाचे लक्षण असते. लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातील साखर एकदम खाली जाणे, सोडिअम कमी होणे, नव्याने सुरू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांचे सोडिअम उतरते. या बाईंचेही तेच निघाले.

म्हणूनच चांगल्या संकटकक्षात कोणत्याही रुग्णाची मनाची चौकशी सुरू करण्यापूर्वी नाडी, ताप, रक्तदाब, प्राणवायू आणि साखर पाहतात. असाच दुसरा फसवा प्रसंग रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडल्यावर येतो. दोन-तीन दिवसांनी हात थरथरणे, दरदरून घाम, भास आणि भ्रम सुरू झाले तर घरचे म्हणतात की दारू सोडली आणि वेड लागले. तो जिवावर बेतणारा प्रसंग आहे आणि त्याची जागा सुसज्ज रुग्णालयातच आहे.

प्रश्न : एक दिवस निरीक्षणाखाली ठेवले तर मेडिक्लेम मिळतो का?
— एक वाचक, स्नेहलतागंज

उत्तर : कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण दिले पाहिजे. अडचण निराळीच आहे : बहुतेक पॉलिसींत किमान २४ तास दाखल असण्याची अट असते, त्यामुळे १८ तासांत बरा होऊन घरी गेलेला रुग्ण त्या अटीत बसत नाही. मुक्काम जितका लहान आणि चांगला, तितका खर्च खिशातून. आपल्या पॉलिसीतील हे कलम आधी वाचून ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मला तीव्र नैराश्याचे झटके येतात आणि त्यात माझे भान सुटते. मागच्या वेळी दोघांनी मला धरून ठेवले आणि इंजेक्शन दिले. कशाचे, हे कोणी सांगितले नाही. आज मी बरा आहे. पुन्हा तशी वेळ आली तर माझ्याशी कसे वागावे हे मी आजच लिहून ठेवू शकतो का? माझ्या पत्नीचे मन फार हळवे आहे, म्हणून तिच्याऐवजी भाच्याला पुढे करावे असे वाटते.
— एक ज्येष्ठ वाचक, टिळकनगर

उत्तर : गुरुजी, आलेल्या सर्व पत्रांत मला आपले पत्र सर्वांत मोलाचे वाटले, कारण इतर सर्व पत्रे रुग्णाविषयी आहेत आणि आपले रुग्णाने लिहिलेले आहे.

कायद्याने आपल्याला दोन साधने दिली आहेत. पहिले, नामनिर्देशित प्रतिनिधी : साध्या कागदावर, सही करून, आपण कोणत्याही सज्ञान व्यक्तीला तिच्या लेखी होकाराने नेमू शकता, आणि ती नातेवाईकच असावी असे बंधन नाही. दुसरे, पूर्वनिर्देश : आजार बळावला असता कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे लेखी नमूद करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवता येते. तातडीच्या उपचारांना मात्र पूर्वनिर्देश लागू होत नाही, म्हणजे ज्या पहिल्या तासांची आपल्याला धास्ती आहे, नेमक्या त्याच तासांत डॉक्टर त्याने बांधलेला नसतो. तरीही लिहाच, असे मी म्हणेन. सुजाण डॉक्टर त्या वेळी रुग्णाविषयी मिळणारी कोणतीही माहिती उचलून धरतो, आणि आपला कागद ती माहिती देतो.

त्यात नुसते "सक्ती नको" असे लिहू नका. कोणत्या औषधाने मागे गुण आला, कोणत्याने अंग ताठले, गोळी तोंडाने घ्यायला आपण कोणी कसे विचारले असता राजी होता, चष्मा आणि कानाचे यंत्र काढून घेतले तर आपण अधिक घाबरता का, कोणाचा आवाज ऐकून शांत होता, कोणाला बोलावू नये, हे लिहा. इंजेक्शन देण्याआधी त्याचे नाव आणि कारण मोठ्याने सांगावे, असेही लिहा. ते ऐकणारा त्या क्षणी गोंधळलेला दिसला तरी त्याला पुष्कळ आठवते, हे आपल्याच पत्रावरून दिसते. धरून किंवा बांधून ठेवण्याबाबत कलम ९७ स्पष्ट आहे : तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताच उपाय उरला नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, आवश्यक तेवढाच वेळ, कारणाची नोंद करून, आणि प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवून. एकांत कोठडीत ठेवण्यास पूर्ण मनाई आहे. मागच्या प्रसंगाची नोंद आपल्या केसपेपरमध्ये आहे का, हे पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. आपल्या वैद्यकीय नोंदी मागता येतात.

भाच्याला नेमण्यास कायद्याची हरकत नाही. पण वहिनींना ते आधी सांगा आणि कागदाची एक प्रत त्यांच्याजवळही राहू द्या, कारण घरात प्रथम हजर असणाऱ्या त्याच असतील आणि सही कोणाची चालेल यावरून दवाखान्याच्या दारात दोघांत वाद झाला तर वेळ आपलाच जाईल. दुसरी प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे, तिसरी भाच्याच्या फोनमध्ये छायाचित्र काढून, आणि मूळ कागद औषधांच्या डब्यात ठेवावा.